कपाटातला स्टुडिओ

आवाजावर पोट भरता येतं, हे मी जगाला दाखवून देणार होते. जग म्हणजे तूर्त नवरा, सासरे आणि ज्यांच्या विमा कचेरीत मी उमेदीची वर्षं फायलींना टाचण्या टोचण्यात घालवली ते साहेब. राजीनामा हातात घेऊन ते म्हणाले होते, खुर्ची रिकामी ठेवतो, दमलात की या. त्या 'दमलात की'नं माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की आता मेले तरी परत जाणार नव्हते!

मला पहिल्यापासून वाचून दाखवायचा नाद. औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा मी अशी वाचते की रोग्यानं डोळे पुसावेत. आता नादाचा धंदा करायचा म्हणजे स्टुडिओ आला. तो मी निजायच्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटात थाटला. कप्पे काढले, पाठीला रजया टांगल्या, बाजूंना नवऱ्याचे कोट. दार आतून ओढायला बाहेरच्या मुठीला एक नाडी बांधून आत घेतली. नवऱ्याच्या इस्त्रीच्या शर्टांची पार रया गेली, पण कलेसाठी कुणीतरी त्याग करायलाच हवा. तो त्यानं केला.

पहिलं काम मिळालं लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीचं. लिफ्ट बंद पडली तर काय करावं, हे लोकांना ऐकवायचं होतं, आणि त्यात अडकलेली बाई मी. हे काम कंपनीला पसंत पडलं नाही तर साहेबांना फोन करायचा, असं नवऱ्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. त्यामुळे आठवडाभर आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ "वाचवा, मी अडकलेय" चालू होतं. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. शाळेत दरवर्षी नाटक बसवलेला माणूस. ते कपाटाबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि माझं रडणं तपासायचे.

शेवटच्या दिवशी मी फोन बाहेर ठेवला, ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आत शिरले, बटण दाबलं आणि नाडी जोरात ओढली. दार बसलं, नाडी सुटून हातात आली, आणि बाहेर काहीतरी ठण्णकन पडलं. मूठ! दार ढकललं. ढिम्म.

"बाबा," मी ओरडले, "मी अडकलेय!"

"पाठांतर कळतंय," बाहेरून सासरे म्हणाले. "जरा आतून येऊ दे."

आतूनच येत होतं! मी दारावर बुक्क्या मारल्या. हा बुक्क्यांचा भाग नवा आहे आणि बरा आहे, असा अभिप्राय मिळाला. दार खरंच उघडत नाहीये म्हटलं, तर 'खरंच' या शब्दावर उगाच जोर देतेस, म्हणाले. मी किंचाळले, विनवण्या केल्या, शेवटी सासऱ्यांना म्हणू नये ते म्हणाले. त्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, की मूळ संहिता सोडू नये.

तेवढ्यात नवरा घरी आला. साहेबांचा त्याला फोन आला होता, खुर्ची उद्यापासून दुसऱ्या कुणाला देणार होते. बाहेर ये, शांतपणे बोलू, असं तो दाराला तोंड लावून म्हणाला. मी म्हटलं, येता येत नाही. त्याला वाटलं, मी रुसून बसलेय. त्यानं साहेबांना कळवून टाकलं, की ती कपाटात बसली आहे आणि बाहेर यायला तयार नाही. साहेबांना तो बढती मागायचा प्रकार वाटला. त्यांनी तिथल्या तिथे बढती देऊ केली.

"वरची जागा देतायत," नवरा म्हणाला. "काय सांगू?"

आत काळोख, नाकात रजईचा कापूस, श्वास जड झालेला. हो म्हटलं असतं तर त्यानं दार फोडूनही मला बाहेर काढलं असतं. पण मी म्हटलं, "सांग, मी इथेच मरेन, पण त्या खुर्चीत बसणार नाही!"

आणि मग मला रडूच कोसळलं. शब्द नाहीत, नुसते हुंदके.

बाहेर खुर्ची सरकली. दाराच्या फटीजवळ सासऱ्यांचा आवाज आला, शाळेत तापानं फणफणलेल्या पोराशी बोलावं तसा.

"घाबरू नकोस. हळू श्वास घे. मी इथेच आहे, कुठेही जात नाही."

नवऱ्याला ते म्हणाले, हे नाटकातलं रडणं नव्हे, दार उघड. नवरा म्हणाला, मूठ कुठेय? सासऱ्यांनी खिशातून काढून दिली. मघाशी जमिनीवर दिसली, कुणाच्या पायाला लागेल म्हणून उचलून ठेवली होती.

बाहेर आले ती नाकाला कापूस आणि मान ताठ. यंत्र सगळा वेळ चालूच होतं. असं अस्सल रडणं कुठल्या कंपनीला मिळणार? मी ते जसंच्या तसं पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाचा फोन आला. बाईंचं रडणं फार बेतलेलं वाटतं म्हणाला. पुन्हा करून द्या.

मी दिलं. दार उघडं टाकून, चहा पीत, पाय पसरून. ते त्यांना इतकं खरं वाटलं, की पुढची कामंही आली. साहेबांना फोन करायची वेळ काही आली नाही.

फक्त एक झालं. "घाबरू नकोस" म्हणणारे ते गृहस्थ कोण, असंही त्या माणसानं विचारलं होतं. आता सासऱ्यांचा आवाज इस्पितळांना लागतो, विमानतळांना लागतो. आणि मला कपाट हवं असेल, तर आदल्या दिवशी त्यांना विचारावं लागतं.