दुसरी सही

बिसेनकाकाजी कोणाच्याही घरी गेले की आधी दार उचलतात. कडीच्या बाजूने, खालून दोन बोटं घालून. दार किती वर येतं ते पाहतात, मग सदऱ्याच्या खिशातून पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा काढतात, एकेक पातं बिजागरीच्या फटीत सरकवून बघतात आणि घरमालकाला निकाल सांगतात, “झिजलं. बिगडलं नाही, झिजलं. पयला आकडा कुठी हाय?”

पहिला आकडा कोणाकडेच नसतो. दार बसवलं त्या दिवशी फट किती होती, हे लिहून ठेवणारा माणूस आमच्या गावात एकच. काकाजी.

विशाखापट्टणमच्या एका गोदीत ते चौतीस वर्षं फिटर होते. जहाजाच्या पंख्याचा दांडा ज्या बेअरिंगवर फिरतो, त्याची झीज मोजणं हे त्यांचं काम. जहाज कोरड्या गोदीत घेतलं की बेअरिंगवरच्या भोकातून एक सळई खाली सोडायची, दांड्याला टेकवायची आणि किती खोल गेली ते वाचायचं. नव्या जहाजाचा पहिला आकडा त्यातून वजा केला की दांडा किती खाली बसला ते कळतं. प्रत्येक जहाजाची सळई वेगळी, एकाची दुसऱ्याला चालत नाही. “टूथब्रशसारकं,” काकाजी सांगतात. आणि गोदीतला मुख्य नियम असा की एकाने मोजायचं, दुसऱ्याने तेच पुन्हा मोजून वाचायचं, आणि दोघांनी सही करायची.

समुद्र इथून रेल्वेने एक अख्खी रात्र लांब आहे. पण नियम काही गोदीत राहिला नाही, काकाजींसोबत पेन्शनवर आला. हातपंपाची पिन, भातगिरणीचा दांडा, रिक्षाचं चाक, सगळं त्यांच्या वहीत आहे. एकदा स्वतःची कवळी मोजताना मी त्यांना पाहिलं आहे. दरेकशाला बहिणीकडे गेले आणि तिच्या झोपाळ्याच्या कड्या मोजायला बसले, तेव्हा म्हातारी म्हणाली, “भाऊ, मले बी मोजून घे. मी बी झिजली.”

वहीतली दुसरी सही माझी असते. मी शेजारी राहतो आणि मला नाही म्हणता येत नाही. हा स्वभावाचा दोष आहे. त्यातूनच पुढचं घडलं, आणि ते सांगायला मला वर्ष लागलं.

आमच्या तलावावर एका ठेकेदाराची सहलीची बोट चालते. तिकिटं फाडणं आणि रजिस्टर भरणं हे माझं काम. बोट नवी आली त्याच दिवशी काकाजींनी तिच्या दांड्याखाली पातं सरकवून पहिला आकडा घेतला होता. वीस. वीस म्हणजे मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले वीस. शंभर झाला की बेअरिंग बदला, नाहीतर दांडा थडथडतो आणि त्याच्या भोकातून पाणी आत येतं, असं त्यांनी बजावलं होतं. दर हिवाळ्यात बोट काठावर ओढली की आम्ही दोघं मोजायचो. गेल्या वर्षी आकडा आला एकशे दहा. मी पुन्हा मोजला, वहीत सही केली आणि ठेकेदाराला फोन लावला.

“कल से स्कूलवाले आ रहे हैं,” ठेकेदार म्हणाला. “रजिस्टर में सत्तर डाल दो. संक्रांत के बाद देखेंगे.”

मी सत्तर लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

दुसऱ्या दिवशी बोट पाण्यात ढकलायची तयारी चालू असताना काकाजी आले. बेअरिंग तेच आहे हे त्यांनी पाहिलं, आणि डबा, छत्री, पाण्याची बाटली घेऊन बोटीत शेवटच्या बाकावर, बरोबर पंख्याच्या वर, जाऊन बसले. “ढकला मले संगं,” म्हणाले.

ठेकेदार मोटरसायकल हाणत आला. “काकाजी, ये डोंगा है. जहाज नहीं.”

“डोंग्यातून पडला तं मानूस कमी बुडते का?”

गाव जमलं. कोणी विचारलं, “काकाजी, कलकत्ता आलं का?”

“बेअरिंग येऊ दे. मंग कलकत्ता.”

मग ठेकेदाराने मला रजिस्टर वाचायला सांगितलं. सगळ्यांसमोर. मी वाचलं, “सत्तर.” लोक हसले. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. खिशात वही होती. वहीत एकशे दहा होते आणि त्याखाली माझी सही.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “सत्तर असो का सात. मी उतरत नाही.”

शाळेची सहल ठेकेदाराने दोन दिवस पुढे ढकलली. ते दोन दिवस, उजाडल्यापासून अंधारेपर्यंत, काकाजी जमिनीवरच्या बोटीत बसून होते. तिसऱ्या सकाळी शाळेची गाडी आली. पोरं उतरायला लागली. ठेकेदाराने चार माणसांना सांगितलं, आणि त्यांनी काकाजींना बगलेत धरून उचललं. त्यांची एक चप्पल बोटीतच राहिली. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, आणि काकाजी हवेतून सांगत होते, “उचला. पुन्हा येऊन बसतो.”

मी म्हणालो, “एकशे दहा.” कोणी ऐकलं नाही. मग मी पोरांसोबत आलेल्या गुरुजींजवळ जाऊन मोठ्याने म्हणालो, “आकडा एकशे दहा आहे. सत्तर मी खोटं लिहिलं.”

गुरुजींनी पोरांना परत गाडीत बसवलं. ठेकेदार मला जे बोलला ते इथे लिहिता येत नाही. आठ दिवस त्याने मला घरी बसवलं. तोवर नागपूरहून नवं बेअरिंग आलं, आणि मग त्याने मला परत बोलावलं.

पोरं परत गेली त्याच संध्याकाळी मी चप्पल घेऊन काकाजींकडे गेलो होतो. विचारलं, “वही दाखवली काऊन नाही? पहिल्याच दिवशी मिटलं असतं.”

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी प्रथमच ती पहिल्या पानापासून चाळली. सुरुवातीच्या पानांवर दुसऱ्या सहीच्या जागी अंगठा होता. जांभळ्या शाईचा, प्रत्येक पानावर. काकींचा. त्या गेल्या त्या वर्षीच्या पानांवर आकडे होते, पण दुसरी जागा कोरी. मग माझी सही सुरू होत होती.

“वही दाखवली असती तं खोटा आकडा तुह्यावर ढकलून त्यानं तुले काढला असता,” काकाजी म्हणाले. “तू गेला असता गोंदियाले कामधंदा पाहाले. मंग दुसरी सई कोनाची घेऊ?”

शेवटच्या पानावर त्यांच्याच दाराच्या बिजागरीचा आकडा होता, त्या दिवशीचा. दुसरी जागा रिकामी. मी पेन घेतलं आणि टेकवलं.

त्यांनी माझं मनगट धरलं आणि पात्यांचा जुडगा हातात दिला.

“वाच पयले,” काकाजी म्हणाले. “मंग सई.”