विशे सर पाणी घेत नाहीत

विशे सर आमच्या कंपनीत येतात तेव्हा स्वतःची पाण्याची बाटली घेऊन येतात. आमचं पाणी ते घेत नाहीत. चहा नाही, सरबत नाही, बडीशेपेचा दाणासुद्धा नाही. एप्रिल महिना, वाशिंदचं ऊन, शर्ट पाठीला चिकटलेला, अशा अवस्थेत हा माणूस माझ्या केबिनच्या दारात उभा राहतो आणि पुढे केलेला ग्लास हाताने मागे सारतो.

"नको नको, विहीणबाई. लेकीच्या घरचं पाणी पीत नाय आमी."

विहीणबाई म्हणजे मी. माझा मुलगा सातवीत आहे.

आता आधीपासून सांगते. औषधाच्या बाटल्यांना लागणारी झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी माणसांचं खातं सांभाळते. हजेरी, रजा, भरती आणि भांडणं. यातली भांडणं मला मनापासून आवडतात. विशे सर मुरबाडच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतात आणि त्यांच्या गळ्यात ओजेटी नावाचं लोढणं आहे. नव्या अभ्यासक्रमात पोरांना कुठेतरी जाऊन ठरलेले तास काम करावं लागतं, त्याचे चार क्रेडिट मिळतात आणि ते नसले तर निकाल अडकतो. शहरातली पोरं मोबाइलवर दोन बटणं दाबून जागा मिळवतात म्हणे. मुरबाडला रेल्वे नाही, कंपन्या मोजक्या, आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. बाकीचे प्राध्यापक छापील पत्र पाठवून मोकळे होतात. विशे सर स्थळ बघतात.

हो, स्थळच. त्यांचा पहिला फोन आला तेव्हा मी पगाराच्या गडबडीत होते.

"नमस्कार. एक मुलगी हाय. गुणी हाय, मान खाली घालून काम करणारी. तुमच्याकडं बघायला कदी येऊ?"

मी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. पुन्हा आला. पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा मात्र माझं डोकं फिरलं. "अहो, माझ्या मुलाचं अजून शिक्षण चाललंय!"

"चालू द्या की," पलीकडून शांतपणे उत्तर आलं. "आमच्या मुलीचंबी चाललंय."

दुसऱ्या दिवशी सर प्रत्यक्ष हजर. उंच, किडकिडीत, खिशाला दोन पेनं, काखेत ती बाटली. खुर्ची दिली, बसले नाहीत. मग सुरू झाली चौकशी. इथे मुलीला घेणारी कंपनी मी, पण मुलाखत माझीच चालली होती. सुपरवायझर तापट आहे का? बायका किती आहेत? डबा खायला वेगळी जागा आहे का? "पोरींचं बाथरूम दावा." मी दाखवलं. सरांनी बाहेरूनच दार ढकलून बघितलं आणि मान हलवली. "आतनं कडी ढिली हाय, विहीणबाई. ती तेवढी बसवून घ्या."

"आणि पाणी कुटलं?"

"टँकरचं," मी म्हटलं.

"अरे द्येवा! धरण तुमच्याच तालुक्यात, भातसाचं पाणी चाललं मुंबईला, नि तुमी टँकर पिता?" जणू धरणाचा नळ मीच मुंबईकडे फिरवला होता.

मी ठणकावून सांगितलं की आमचे मोठे साहेब शिकाऊ पोरं घेत नाहीत, कामाचा खोळंबा होतो. सरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे नकार नाय. विचार करताय. करा, घाई नाय आमची."

पण घाई होती. ती मला नंतर कळली. मुलीचं नाव मनीषा. शहापूरच्या बाजूला डोंगरातल्या एका पाड्यावरची, तिथून कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेली पहिलीच. मुरबाडातल्या जागा भरून गेल्या होत्या. बाकी तीन ठिकाणांनी तिला नको म्हटलं होतं, कारण सकाळची जीप कधी भरेल याचा भरवसा नाही आणि उशिरा येणारी मुलगी कुणाला हवी! या वर्षी तास भरले नाहीत तर निकाल अडकणार. आणि तिच्या बापाने स्पष्ट सांगितलं होतं, पोरगी घरी बसली की तिचं लग्न. तोही वाईट माणूस नव्हता. इतकी वर्षं शिकवली, आता आणखी एक वर्ष थांबायची त्याची तयारी नव्हती, इतकंच.

मग सरांनी त्या बापाला सांगितलं, "जागा बघून तर येऊ." इथेच घोटाळा झाला.

त्या पाड्यावर कुणी एकटा जागा बघायला जात नाही. पोरगी कुठेही पाठवायची तर भावकीने बघायला हवं, नाहीतर उद्या काही झालं की सगळे म्हणणार, आमाला कुटं विचारलं होतं? सोमवारी सकाळी आमच्या गेटवर एक जीप आणि एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून पांढऱ्या टोप्या उतरल्या. मागोमाग नऊवारी उतरल्या. एकाच्या हातात नारळ, एकाच्या हातात हार. सगळ्यांच्या पुढे, काखेत बाटली घेऊन, विशे सर.

त्याच आठवड्यात आमच्याकडे कुजबुज होती की गावकरी 'स्थानिकांना नोकऱ्या द्या' म्हणून मोर्चा आणणार आहेत. वॉचमनने एवढी माणसं बघितली आणि धाडकन गेट लावलं. मोठे साहेब केबिनमध्ये शिरून आतून कडी घालून बसले. (ती कडी घट्ट होती.) पोलिसांना फोन गेला. बाहेर भावकी कडुनिंबाखाली आरामात बसली, म्हाताऱ्यांनी पानाचे डबे काढले. आम्हाला वाटलं, ठिय्या आंदोलन!

मोटारसायकलवरून एक हवालदार आला, मोर्चाच्या पुढाऱ्याकडे ताडताड गेला आणि वाकून त्याच्या पाया पडला. सरांचा जुना विद्यार्थी निघाला तो. ते बघून साहेबांचा उरलासुरला धीर संपला. पोलीसही फितूर!

शेवटी मीच साहेबांना बाहेर काढलं. गेटच्या जाळीतून त्यांनी विचारलं, "तुमच्या मागण्या काय आहेत?"

भावकीने एकमेकांकडे पाहिलं. मग एक म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून उठला, जाळीजवळ आला. "मागण्या कसल्या, सायेब? आमाला काय नको. पोरगी कुटं बसणार ती खुर्ची तेवडी दावा."

"खुर्ची?"

"व्हय. बसायला हाय ना तिला? का उभीच ठेवणार?"

साहेबांच्या जिवात जीव आला. "देतो! खुर्ची देतो! टेबलही देतो!" ते ओरडले. मोर्चा एका खुर्चीवर मिटतोय म्हटल्यावर कोण सोडेल? अशी मनीषाची ओजेटी ठरली. सगळी भावकी स्टोअरमध्ये जाऊन खुर्ची बघून आली. दोघातिघांनी बसून पाहिलं. एका आजीबाईने खुर्चीला हळदकुंकू लावलं. नारळ माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर फोडला, त्याचा ओरखडा अजून आहे. आम्ही सगळ्यांना चहा दिला. भावकी प्यायली. विशे सर तेवढे बाहेर जाऊन आपल्या बाटलीतलं कोमट पाणी प्यायले.

ही पद्धत जुन्या माणसांना माहीत असेल. मुलीच्या सासरी बापाने पाणीसुद्धा घ्यायचं नाही, नातवंड होईपर्यंत. आता कोण पाळतं हे? माझे वडील तर माझ्याकडे येऊन मागून मागून खातात. पण विशे सर पाळतात, आणि जिथे जिथे त्यांची विद्यार्थिनी लागली तिथे तिथे पाळतात. मनीषा सांगायची की मुरबाडात सरांना चहा प्यायला जागाच राहिलेली नाही. पतपेढीत त्यांची मुलगी, औषधाच्या दुकानात मुलगी, झेरॉक्सवाल्याकडे मुलगी. मुलगे म्हणजे घरजावई, त्यांच्याकडे चालतं, असा सरांचा नियम. त्यामुळे ज्या एका गॅरेजमध्ये मुलगा लागलाय तिथे तेवढा त्यांना चहा मिळतो, तोही ऑइलच्या वासाचा.

मनीषा खरोखर गुणी निघाली. सरांनी त्या जीपवाल्यालाही गाठून बजावलं होतं, "पोरीचे तास भरायचेत. तुझी गाडी भरो न भरो, तू वेळेवर सुटायचं." आणि तो सुटायचा! सर दर आठवड्याला चक्कर मारत. यायचं, उभ्याउभ्या विचारायचं, "तक्रार नाय ना, विहीणबाई? कडी बसवली?" मी दर वेळी विसरायची. चौथ्या वेळी ते खिशातून स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच आले.

एप्रिलमधल्या एका दुपारी ते आले ते भिंतीला धरूनच. तोंड काळवंडलेलं, बाटली रिकामी. जीप वाटेत बंद पडली म्हणून बराचसा रस्ता चालत आले होते. मी ग्लास पुढे केला. "नको, विहीणबाई. बाहेर टपरीवर घेतो." आणि ओठांवरून जीभ फिरवली.

मग मात्र माझा तोल गेला. "काय हा हट्टीपणा, सर! इथे चक्कर येऊन पडाल तर मी कुणाला कळवू? तुमच्या सख्ख्या मुलीच्या घरी तरी पिता का पाणी, की तिथेही हेच नाटक?"

सर हसले. कपाळ पुसत म्हणाले, "मला कुटं हाय मुलगी? मुलगी नाय, मुलगा नाय. घरात आमी दोघंच, मी नि आमची मंडळी." मग रिकामी बाटली काखेत सरकवत, "पाणी सोडायला तरी कुणाचं तरी घर पायजे ना, विहीणबाई."

एवढं बोलून ते टपरीवर गेले. मी खिडकीतून बघत होते. उभ्याने, घटाघटा, तीन ग्लास प्यायले. मला रडू आलं. मी तापट आहे, रडकी नाही, पण आलं. त्यानंतर ते मला विहीणबाई म्हणाले की मी एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

मनीषाचे तास भरले. चार क्रेडिट मिळाले, निकाल लागला, आणि साहेबांनीच तिला स्टोअरमध्ये कायम ठेवून घेतलं. म्हणाले, "काम चांगलं आहे." खरं म्हणजे भावकी पुन्हा येईल याची त्यांना धास्ती असावी. बापाने लग्नाचा विषय काढला तेव्हा मनीषाने आधी पगाराची बातमी सांगितली. तो विषय सध्या पडून आहे.

यंदा होळी झाल्यावर सरांनी दुसरी मुलगी आणली. या खेपेला तिच्या भावकीला मीच फोन करून बोलावलं, आणि वॉचमनला आधी सांगून ठेवलं. मुलीला मनीषाच्या हाताखाली दिलं. दुसऱ्याच आठवड्यात सर नेहमीप्रमाणे चौकशीला आले, काखेत बाटली. दारात उभे राहिले. मी पाणी विचारलंच नाही.

मनीषा स्टोअरमधून आली. एका हातात पाण्याचा ग्लास, दुसऱ्या हाताने त्या नव्या पोरीचं मनगट धरलेलं.

"सर, पाणी घ्या."

"नाय गो बाय, तुला म्हायताय ना..."

"म्हायताय. म्हणून तर आणलंय. ही माज्याकडं शिकती. म्हंजे ही माजी पोर. म्हंजे तुमाला नात झाली. आता कसलं आडवं येतंय?"

सरांनी विचार केला. नियमाचा माणूस, त्याने सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. "पन हिलाबी मीच आणली ना. म्हंजे ही माजी..."

"आणली तुमी. शिकवती मी," मनीषा म्हणाली. "नातच ती. घ्या."

सरांनी बाटली माझ्या टेबलावर ठेवली. खुर्ची ओढली आणि बसले. माझ्या ऑफिसात पहिल्यांदा. ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि हळूहळू, एकेक घोट थांबत, सगळा संपवला. रुमाल काढून आधी तोंड पुसलं, मग त्याच रुमालाने डोळे.

"गोड हाय गो पाणी," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "भातसाचं सुरू झालं वाटतं तुमच्याकडं, विहीणबाई?"

टँकरचंच होतं.

"हो," मी म्हटलं, आणि चहा सांगितला.