स्कूटरवर उलटी बसणारी दुर्गा

आमच्या शेजारची दुर्गा माझ्या स्कूटरवर उलटी बसते. म्हणजे माझं तोंड शाळेकडे आणि तिचं घराकडे, पाठीला पाठ. अमरावतीच्या राजकमल चौकात एकदा पोलिसाने थांबवलं. मी वरमले. ही मात्र शांतपणे म्हणाली, "दादा, समोर पाह्याले काकू हाये ना. मांगून कोनी ठोकलं तर पाहनारं नको?" पावती कोणत्या कलमाखाली फाडायची हे त्यालाही सुचलं नसावं. त्याने आम्हाला सोडून दिलं.

बस असो की रेल्वे, जायचं जिकडे तिकडे हिची पाठ. अकोल्याच्या गाडीत लोक खिडकीसाठी भांडतात, ही उलट्या तोंडाची जागा मागून घेते. विचारलं की एकच उत्तर. "जिंकनाऱ्याची पाठ पयले पोचते, काकू."

ते खरं आहे. दुर्गा शर्यतीची नाव वल्हवायची, दोघींची. त्या नावेत दोघी एकीमागे एक बसतात आणि दोघींच्या पाठी पोचायच्या जागेकडे असतात. नसरीन ताल धरायची, तिच्या मागे बसलेली दुर्गा तिच्या पाठीकडे पाहत तो उचलायची. नसरीन अकोल्याची, गाद्या भरणाऱ्यांच्या घरची. दुर्गा भातकुलीच्या भाजीवाल्यांची. कॉलेजात असताना दोघी वडाळी तलावावर भेटल्या आणि ऑलिंपिकला जायचं ठरवून मोकळ्या झाल्या. माझ्या शेजारची खोली त्यांनी भाड्याने घेतली. पहाटे तलाव, दुपारी भाकर-ठेचा, संध्याकाळी भांडण.

"मले तिचं तोंड कमी आन् पाठच जास्त ठाऊक हाये," दुर्गा सांगायची. "मानीमांगं तीळ हाये तिच्या. तिले सोताले म्हाईत नव्हता."

नसरीनला प्रत्येक वल्ह्यासरशी घशातून 'हुप्' असा आवाज काढायची खोड. शाळेतल्या आम्ही शिक्षिका तलावावर फिरायला गेलो की तोंडाला पदर लावून हसायचो.

दोघींनी राज्यात नंबर काढला तेव्हा गावाने सत्कार ठेवला. गाव सत्काराला कधी कमी पडत नाही, कारण त्यात दुसऱ्या दिवशी काही करावं लागत नाही. बॅनरवर नेत्याचा फोटो हातभर आणि या दोघी कोपऱ्यात, तिकिटाएवढ्या. खाली लिहिलं होतं 'जलतरणपटू'. नेते म्हणाले, असंच पोहत पोहत अमरावतीचं नाव सातासमुद्रापार न्या. "मले तं धड पोहताबी येत नाई," नसरीन हळूच पुटपुटली. जुनी नाव फुटायला आली होती, नवी देतो म्हणाले होते. दोन नारळ दिले.

मग देशाच्या संघाची निवड चाचणी आली. तिथे जोड्या मुद्दाम फोडतात. तुझी जोडीदारीण दुसरीच्या नावेत, दुसरीची तुझ्या, आणि दोन्ही नावा शेजारी शेजारी पळवतात. जिच्यामुळे नाव पळते ती राहते, दुसरी घरी जाते. दुर्गाच्या पुढ्यात अनोळखी पाठ आली. शर्यत सुटली आणि बाजूच्या नावेतून आवाज आला, हुप्. दुर्गाचे हात त्या आवाजावर गेले. डोळे एकीच्या पाठीवर आणि हात दुसरीच्या तालावर. वल्ह्यावर वल्हं आपटलं, नाव तिरपी झाली. नसरीन राहिली. दुर्गा बॅग घेऊन परत आली.

माझा संताप झाला होता. म्हटलं, "अगं, नसरीनच्या घरी एवढा कापूस. एक बोळा कानात कोंबून गेली असतीस तर काय बिघडत होतं?"

"थो आवाज आयकू नाई आला, तं मी वल्हवू कायच्यासाठी?" ती म्हणाली.

ती आता आमच्याच शाळेत खेळाची शिक्षिका आहे. हेडमास्तरांनी तिला पंधरा ऑगस्टच्या लेझीमवर नेमलंय. चार वर्षं देशासाठी घाम गाळलेल्या पोरीला शाळेने बाकी काही विचारलं नाही.

नसरीनचं तरी व्हावं, असं मनापासून वाटत होतं. नव्या जोडीदारणीबरोबर ती ऑलिंपिकच्या पात्रता शर्यतीला गेली आणि हरली. बडनेऱ्याला तिला घ्यायला ना बॅनर ना नारळ. स्टेशनवरून ती अकोल्याची गाडी न धरता सरळ आमच्या दारात आली. मला धडकीच भरली. आता या दोघी भांडतील की गळ्यात पडतील?

दोन्ही झालं नाही. दोघी ओट्यावर बसल्या.

"तिच्यासंगं जमलंच नाई," नसरीन म्हणाली. "मांगून तुहा श्वास नाई यायचा. मंग मी कोनासाठी ताल धरू?"

दुर्गा म्हणाली, "च्या घेते का?"

चहा झाल्यावर नसरीनने माझ्या स्कूटरची किल्ली मागितली. "चाल व दुर्गे, वडाळीवर जाऊन येऊ."

"आपली नाव तं कवाचीच फुटली."

"नाव कोन मांगते? बस तं खरी."

मी फाटकात उभी राहिले, ही आता उलटी कशी चढते ते नसरीनला दाखवायला. दुर्गा चढली ती सरळ. दोन्ही हात मांडीवर, तोंड समोर, नजर नसरीनच्या मानेखाली. रोज मी तिला नेते-आणते, पण असा निवांत चेहरा मी तिचा पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नसरीन अकोल्याला गेली, गादीच्या दुकानात बसायला. शाळेची वेळ झाली. मी स्कूटर काढली आणि थांबले. दुर्गा आली आणि नेहमीसारखी उलटी बसली.

मी स्कूटर सुरू केली. माझी पाठ तिच्या कामाची नाही.