मास्तरांच्या इंग्रजीला हुंकार

हिराजी मास्तरांना इंग्रजी बोलायचं असलं की आधी बायको लागायची. ती समोर नसेल तर त्यांच्या तोंडून एका वाक्यापुढे दुसरं वाक्य निघत नसे. आणि गंमत म्हणजे वहिनींना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

पनवेलच्या हायस्कुलात मी चित्रकला शिकवायचो आणि मास्तर इतिहास. आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मास्तर मूळचे जासईकडचे, वडिलांचा जन्म मिठागरात गेलेला. त्या मिठागरांच्या इतिहासावर प्रबंध लिहायचा आणि मुंबईला विद्यापीठातल्या विद्वानांसमोर त्यावर इंग्रजीत बोलायचं, हे खूळ चाळिशी उलटल्यावर त्यांच्या डोक्यात शिरलं. पहिलं प्रकरण पाठवलं, ते प्राध्यापकांनी परत केलं. माहिती उत्तम आहे म्हणाले, पण हे इंग्रजी शाळेतलं आहे, प्रबंधाचं नाही.

झालं, मास्तर पेटले. जाडजूड पुस्तकं आणून त्यांनी विद्वानांचं इंग्रजी असं अंगात भिनवलं की बाजारातसुद्धा ते उतरेना. कोळणीच्या पाटीसमोर उभे राहून म्हणायचे, "इट मे बी ऑब्झर्व्ड, की ही कोलंबी कालची आहे."

कोळीण म्हणायची, "मास्तर, घ्यायची हाय का नाय ते बोला."

"दोन्ही बाजूंचा पुरावा तपासावा लागेल," असं मास्तर म्हणेपर्यंत कोलंबी दुसऱ्याच्या पिशवीत गेलेली असायची. मग घरी येऊन आमटी-भात खायचे आणि वर मलाच सांगायचे, "नाना, घाईने निष्कर्ष काढू नये."

रोज सकाळी ओट्यावर त्यांचं वाचन चाले. वहिनी सुपात सुका जवळा निवडत बसायच्या आणि मास्तर खांबाला टेकून कागद वाचायचे. त्यांच्या घरी लहानपणापासून रीत अशी, की कोणी गोष्ट सांगू लागलं की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की समोरचा झोपला असं समजून सांगणाराही थांबायचा. मास्तरांनी ही रीत थेट विद्वानांच्या इंग्रजीला लावली. वाक्य संपलं की थांबायचे, वहिनी "हं" म्हणायच्या, मग पुढचं वाक्य. वहिनी कावळा हाकलायला उठल्या तर हे ओळीवर बोट ठेवून उभे. एकदा दूध उतू चाललं म्हणून वहिनी आत गेल्या आणि मागच्या दारी शेजारणीशी बोलत राहिल्या. मास्तर शाळेची घंटा होईपर्यंत "नॉटविथस्टँडिंग"पाशी अडकून होते. त्या दिवशी हेडमास्तरांनी त्यांना चांगलंच झापलं.

मी एकदा वहिनींना विचारलं, "यातलं काही कळतं का हो?"

"कलत नाय भावजी," त्या म्हणाल्या. "पन यांचा दम कवा सरतो ता समजतं. तवा हं करायचा. लईच लांब गेलं तर मी हं करीतच नाय. मंग ते तोरून बारीक करतात."

खरंच करायचे. हळूहळू त्यांची मैलभर लांब वाक्यं आटोपशीर झाली, आणि प्राध्यापकांचा निरोप आला की आता पुष्कळ सुधारणा आहे. येऊन चर्चासत्रात वाचा, तिथे पसंत पडलं तर प्रबंध पुढे नेऊ. मास्तरांनी शाळेत पेढे वाटले. मिठागरातल्या माणसांबद्दल तिथे आजवर कोणी बोललेलं नाही, हे ते भेटेल त्याला सांगत सुटले.

आणि वहिनी विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या. मास्तर उशाशी बसून पाण्याच्या पट्ट्या ठेवायचे. मी जाणार नाही म्हणाले, तेव्हा वहिनींनी डोळे उघडले. "जा," त्या म्हणाल्या. "मुंबयला भासन करा आन पयलं मना येऊन सांगा."

वहिनी त्यातून उठल्या नाहीत. तेरावा झाला. चर्चासत्राचा दिवस जवळ आला तसा मीच चाचरत विषय काढला. मास्तर म्हणाले, "जायला हवं. ती सांगून गेली आहे." त्यांना एकट्याला सोडवेना, म्हणून मी रजा टाकून एसटीत त्यांच्या शेजारी बसलो.

सभागृहात मी मागच्या बाकावर होतो. मास्तरांनी कोट नीट केला, कागद उघडला, पहिलं वाक्य स्वच्छ वाचलं आणि थांबले. ओळीवर बोट. सगळे वाट पाहू लागले. कोणीतरी खाकरलं. अध्यक्ष म्हणाले, "प्लीज प्रोसीड." मास्तर "येस सर" म्हणाले आणि तसेच उभे राहिले. पुढच्या बाकांवरची पोरं हसायला लागली. अध्यक्षांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मास्तरांचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. इतक्या वर्षांचा खटाटोप त्या एका ओळीवर बंद पडत होता.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी लाज सोडून मागून म्हणालो, "हं."

सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. मास्तरांनी मात्र वर पाहिलंच नाही. त्यांनी दुसरं वाक्य वाचलं. मी हं म्हणालो. तिसरं वाचलं. त्यातलं मला निम्मं कळत होतं, निम्मं नाही. मी नुसता त्यांच्या छातीकडे पाहून दम कधी सरतो ते बघत होतो. शेवटपर्यंत वाचलं त्यांनी. अध्यक्षांनी उठून हात मिळवला आणि प्रबंध पुरा करा म्हणाले.

परतताना मास्तर खिडकीबाहेर बघत होते. तळोजा मागे पडल्यावर म्हणाले, "नाना, तुमचं हं जरा लवकर येतं. ती थांबायची." मी बरं म्हणालो.

दिवेलागणीला घरी पोचलो. मास्तरांना कुलूप उघडायची सवय नव्हती, किल्ली दोनदा उलटी लागली. दार ढकललं आणि उंबऱ्यावरच उभे राहून ते आतल्या अंधाराला म्हणाले, "झालां गो भासन."

आणि थांबले.

मी मागे ओट्यावरच होतो. तिथे मला हं म्हणवेना.