दगडू सशाची सलामी

एका जंगलात, मुलांनो, वाघ नव्हता. वाघ नसला की शौर्यावर बोलायला सगळ्यांना भरपूर वेळ मिळतो. मोठे झालात की तुमच्याही हे लक्षात येईल.

त्या जंगलात दगडू नावाचा ससा राहत होता. दृष्ट लागू नये म्हणून आईनं त्याचं नाव दगडू ठेवलं होतं. अंगानं तो मऊ होता आणि मनानं त्याहून मऊ. पळायला लागला की मात्र हरणंसुद्धा बाजूला होत.

घरी बायको यसू होती आणि नुकती डोळे उघडलेली पिल्लं. पाणवठा ओढ्याच्या वळणावर. नेमका त्याच वाटेवर एक तरस येऊन राहिला होता. दगडू रोज पळसाचा द्रोण घेऊन पळत जाई आणि पळत येई. निम्मं पाणी वाटेतच सांडे.

"बाप असून पळतो मी," तो एकदा यसूला म्हणाला. "शोभतं का हे?"

"पळता म्हणूनच पोरांना बाप आहे अजून," यसू म्हणाली.

पण हे बायकोचं बोलणं. ते कोण मनावर घेतो? दगडू स्वसंरक्षण शिकायला निघाला.

जंगलात दोन शाळा होत्या. एक धोंडबा वस्तादांची तालीम. हे वस्ताद म्हणजे अस्वल. ताक आणि हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीत उभं राहून ते सांगत, "शत्रूला भिडायचं. अंगाला अंग लागलं की त्याला लाथ मारायला जागाच उरत नाही. मिठी मारायची आणि चीत करायचं."

दुसरी शाळा गाढवमास्तरांची. ते म्हणत, "मिठी मारायला जाल तेव्हा शत्रूचे दात काय सुट्टीवर असतात? त्याला जवळ येऊच द्यायचं नाही. लांबून लाथ घालायची, थेट जबड्यावर."

दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. पळायचं नाही. पळणं म्हणजे भ्याडपणा.

दगडू सकाळी तालमीत जाई आणि संध्याकाळी मास्तरांकडे. त्याच्या मिठीत वस्तादांचं एक बोट मावे. त्याच्या लाथेनं गवताचं पातं हले. दोघेही म्हणत, "प्रगती आहे."

तालमीत एक रिवाज होता. कुस्तीआधी जोडीदाराला वाकून सलामी द्यायची आणि त्याच्या अंगावर मूठभर माती टाकायची. म्हणजे घामानं हात निसटत नाही आणि समोरच्याचा मानही राहतो. एवढं मात्र दगडूला पक्कं जमलं होतं.

मग एका सकाळी तो पाण्याला पळत गेला नाही. छाती काढून चालत गेला. तरसाला आश्चर्य वाटलं, पण भूक त्याहून मोठी होती. तो समोर येऊन वाकला.

दगडूला मिठी आठवेना आणि लाथही आठवेना. आठवला तो रिवाज. "या वस्ताद," असं म्हणून त्यानं सलामी दिली आणि मूठभर माती उडवली. ती सगळी तरसाच्या डोळ्यांत गेली. तरस कळवळून डोळे चोळू लागला. मग दगडू जो पळाला तो थेट घरी.

दुपारपर्यंत जंगलभर बोभाटा झाला.

"माती आमची, सलामी आमची," वस्ताद म्हणाले. "विजय कुस्तीचा."

"अंगाला अंग लागलं का?" मास्तर म्हणाले. "लांबून हात चालवला. हा शुद्ध प्रहार आहे."

"अहो, मी पळालो," दगडू म्हणाला.

"विजेत्यानं नम्र असावं," वस्ताद म्हणाले, "पण इतकंही नाही."

वाद मिटेना. शेवटी ठरलं की दगडूनं उद्या तेच सगळ्यांदेखत पुन्हा करून दाखवायचं.

दुसऱ्या दिवशी वाटेच्या दुतर्फा गर्दी जमली. तरस आला. त्याचे डोळे लाल होते आणि या खेपेला त्यानं ते आधीच बारीक केले होते.

"भिड, दगडू!" वस्ताद ओरडले. दगडू एक पाऊल पुढं गेला.

"अंतर ठेव!" मास्तर ओरडले. दगडू एक पाऊल मागं आला.

पाय पळायला शिवशिवत होते. पण एवढे लोक बघत होते. या लाजेपायी आपली पिल्लं पोरकी होणार हे त्याला स्वच्छ दिसत होतं, तरी पाय उचलवेना. मुलांनो, त्याची मला फार दया येते.

तेवढ्यात टेकाडावरून यसूचा आवाज आला. "अहो! पाणी आणायला गेलात की मिरवायला? पोरं रडून लाल झालीत. आहात तसे घरी या बघू."

"आलो, आलो," म्हणत दगडू सुसाट पळाला. गर्दी हसली. पुष्कळांनी समजूतदारपणे मान हलवली. बायकोनं बोलावल्यावर पळण्याला पळणं कुणी म्हणत नाही.

तरस गर्दीकडे वळला. सगळ्यांत पुढं वस्ताद आणि मास्तर उभे होते.

धोंडबा वस्ताद आजन्म ब्रह्मचारी. तरी त्यांना घरून हाक ऐकू आली. मास्तरांनाही तीच ऐकू आली. दोघं एकाच वाटेनं पळाले, आणि पद्धतीवरून त्यांचा काही वाद झाला नाही. तरस त्यांच्या मागं लागला.

"पाणी?" दारात यसूनं विचारलं.

"राहिलं," दगडू म्हणाला.

"मग जाऊन या. तरस तिकडं गुंतलाय."

त्या दिवशी द्रोण पहिल्यांदाच काठोकाठ भरून घरी आला.

तात्पर्य : स्वसंरक्षणासाठी मिठी बरी की लाथ, याची चर्चा जरूर करावी, मात्र ती तरस नसेल तिथं करावी. तरस असेल तिथं पळावं. आणि पळाल्याचा बभ्रा होऊ नये असं वाटत असेल, तर वेळेवर हाक मारणारं माणूस घरी असावं.