काकांच्या छातीतलं फुस्स

घरी शिंपीकाकांचं कुणी ऐकत नसे. "मी काय म्हणतो..." एवढं म्हणेस्तोवर काकू स्वयंपाकघरात पोचलेल्या असत. मग अंगात रक्त कमी पडल्याचं निमित्त झालं, काका बंदराजवळच्या त्या अवाढव्य सरकारी इस्पितळात भरती झाले आणि त्यांचं नशीब फळफळलं. त्यांच्या छातीत, दोन ठोक्यांच्या मधे, एक 'फुस्स' सापडलं. झालं! मेडिकल कॉलेजची अख्खी बॅच कानात नळ्या घालून खाटेपाशी रांगेत उभी. काका समुद्राचा वारा खात, छाती उघडी टाकून पडलेले. शेजारच्या खाटेवरच्या मोडक्या पायाला कुत्रं विचारत नव्हतं.

परीक्षेसाठी मोठ्या मॅडमनी काकांनाच निवडलं आणि दम भरला, "पोरांना काही सांगायचं नाही हं!"

"छे, छे! तोंडाला कुलूप!"

पण काकांचा जीव अडकला होता 'ढापण्या'त. जाड भिंगांच्या चष्म्याचा हा पोरगा परीक्षेत दोनदा आपटलेला; या खेपेलाही आपटला तर बाप त्याला दुकानात बसवणार होता. छाती तपासून झाली की "काका, जेवलात का?" विचारणारा तेवढा तोच. काकांनी आदल्या दिवशीच त्याच्याकडून घोकून घेतलं, "ठोका, मधेच फुस्स, मग ठोका. एवढं सांग, की गंगेत घोडं न्हालं!"

आता एकाला सांगितलं, तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? परीक्षेच्या सकाळी येईल त्याच्या कानात काका कुजबुजत राहिले. पोरंही नळी नुसती टेकवायची आणि पडद्याबाहेर जाऊन, दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या परीक्षकांना ठणकावून सांगायची, "सर, मधेच फुस्स!"

शेवटी ढापण्या आला. त्यानं नळी लावली, काढली, फुंकली, परत लावली.

"काका, येतच नाहीये हो ऐकू!"

"न येईना! तू म्हण ना!"

तेवढ्यात परीक्षक पडदा सारून आत आले. "हं, काय ऐकलंत?"

ढापण्यानं कानातली नळी काढली. "खोटं कशाला बोलू सर? मला काहीच ऐकू आलं नाही."

"फुस्स म्हण, गाढवा!" काका ताडकन उठून ओरडले.

परीक्षक हसले. "आजोबा, तुम्हाला रक्त चढवलं, महिनाभर गोळ्या दिल्या. रक्त भरलं की तो आवाज जातो. सकाळी मी स्वतः तपासलंय, तुमची छाती साफ आहे. आज खरंच ऐकणारा हा पहिला मुलगा. पास!"

परीक्षकांच्या मागे उभ्या मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. ढापण्यानं काकांना मिठीच मारली. काकांचे डोळे भरून आले, आणि मग एकदम ट्यूब पेटली.

"म्हणजे उद्यापासून कुणी येणार नाही?"

"कशाला येतील? ठणठणीत आहात. घरी जा!"

संध्याकाळी काकूंनी कपडे गोळा केले. "अगं, मी काय म्हणतो..." काकांनी तोंड उघडलं, तर काकू लिफ्टपाशी पोचलेल्या.

मागून ढापण्या आला आणि त्यानं काकांची पिशवी उचलली.

"बोला काका. मी ऐकतोय."

काका जागच्या जागी थांबले. 'मी काय म्हणतो'च्या पुढे जायची जन्मात कधी वेळच आली नव्हती; पुढे काय म्हणायचं असतं, तेच त्यांना आठवेना.