बेटाने वर यायचं

ज्या प्रवाशाला चालता येत नाही त्याने बेटावर उतरायचं नाही, बेटानेच बोटीवर यायचं, असा त्या बोटीचा नियम होता, आणि बेट येत होतं. दर बुधवारी दहाला यायचं, बाराला जायचं. पूर्वी चाकाच्या खुर्चीवाल्यांना चार खलाशी पोत्यासारखे उचलून शिडीवरून खाली न्यायचे. एका बाईचा पदर शिडीत अडकला, तक्रार झाली. मग कंपनीने बेटालाच विचारलं आणि बेट हो म्हणालं. माणसांना जे जमत नाही ते बेटाला जमलं, यात दात काढण्यासारखं काही नाही.

धाकू पावशे हर्णैचा तांडेल. चाळीस वर्षं त्याने होडी हाकली. गुडघे शाबूत होते, तोंड त्याहून शाबूत. त्याची बायको येसू, तिचे पाय नऊ वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून सकाळी तिला खाटेवरून उचलून खुर्चीत ठेवायचं आणि रात्री खुर्चीतून खाटेवर, हे धाकूचं काम.

त्यांचा मुलगा हरेश याच बोटीवर कपडे धुवायच्या खात्यात होता. बारा वर्षांपूर्वी ताप डोक्यात गेला आणि पोरगा वाटेतच गेला. याच बेटावर उतरवला, जाळायची सोय नव्हती, म्हणून तिथेच पुरला. कंपनीने आईबापाला एक फेरी फुकट दिली, तीही इतक्या वर्षांनी, अर्ज करकरून.

दोघांना एकच करायचं होतं. पोराच्या उशाला नारळ ठेवायचा, जोडीने. जोडीने म्हणजे एकाने ठेवायचा आणि दुसऱ्याने त्याच्या हाताला हात लावायचा. हात लागला नाही तर ते एकट्याचं होतं, आणि पोरगं काही एकट्याचं नव्हतं.

बोटीवर चौकशीच्या खिडकीत मिनेझिसबाई बसायची. वेंगुर्ल्याची, म्हणून मराठी बोलायची.

"आजोबा, तुमची वेळ सात ते नऊ," ती म्हणाली. "चालणाऱ्यांनी मचव्यातून जायचं, बघायचं, परत यायचं. आजींची वेळ दहा ते बारा, बेट वर आल्यावर."

"मग मी दहालाच जाईन तिच्यासंगती."

"वर आलेल्या बेटावर पाय ठेवायला बंदी आहे. पावलं लागली की त्याला वाटतं आपण खाली घरी आहोत, आणि ते बसतं. मागे एक गृहस्थ उडालेली टोपी आणायला दोन पावलं गेले. बेट सगळा भार टाकून बसलं. बोट इतकी कलली की स्वैपाकघरातलं सांबार भिंतीवर गेलं."

"आणि चाकं?"

"चाकांचं त्याला काही वाटत नाही."

"मग मला पण दे एक खुर्ची."

मिनेझिसबाईने खणातून कागद काढला. "इथे सही करा. मला चालता येत नाही, असं आहे."

"खोटं लिहून देऊ?"

"खोटं कसं? सही केली की खरं होतं. उठताच येणार नाही. नंतर परत मिळत नाही, तेही खाली लिहिलंय."

धाकूने शाई लावायला अंगठा पुढे केला होता. येसूने त्याच्या हातावर फटका मारला.

"शानपणा नको! तुमचे पाय गेले तर मला उचलणार कोन? ही बाय?"

"पोराच्या नारळाचं काय मग?"

"माझ्या हाताने ठेवीन. तुमी तिकडून हात लावा."

"तिकडून? माझा हात काय ताडाचा हाय?"

"चाळीस वर्षं दोर ओढलात ना? मग आना दोर."

मिनेझिसबाईने नियमांची वही चाळली. दोराबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

धाकू सकाळी सातच्या मचव्याने गेलाच नाही. एकट्याने जाऊन काय करणार? त्याने खलाशांशी भांडून दोराचं भलंमोठं वेटोळं मिळवलं आणि पाचव्या डेकच्या मोठ्या दारात जाऊन बसला.

दहाला बेट आलं. दारातून मावावं म्हणून आडवं होऊन, माड वाकवून, धापा टाकत. चाकं रुतू नयेत म्हणून त्याने वाळू आवळून धरली होती. बाजारपेठ आणि चढाची बाजू खालीच ठेवली होती. बेटावरची माणसं तेवढा वेळ होड्यांत बसून जेवून घेत. जिथे बेटाचा वर आलेला भाग असायचा तिथे नुसतं पाणी होतं, त्याकडे कोणी बघत नव्हतं.

सात खुर्च्या बेटावर गेल्या. सहा जणांनी शिंपले वेचले, फोटो काढले. येसू कोणाकडे न बघता सरळ गेली. मांडीवर नारळ, मनगटाला दोर. मासळी कापून घट्ट झालेल्या हातांनी ती चाकं रेटत होती. माडांच्या तिसऱ्या रांगेमागे हरेशच्या नावाची लाकडी पाटी होती, तिथे थांबली. दारातून धाकूला तिची पाठ तेवढी दिसत होती.

दोर ताणला गेला. दोराला काय लागलंय ते तांडेलाच्या बोटांना बघावं लागत नाही. येसू वाकली ते त्याला कळलं. नारळ ठेवला ते कळलं. मग दोर बारीक थरथरत राहिला, खूप वेळ, आणि धाकूने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. बारा वर्षांत ती त्याच्यासमोर एकदाही रडली नव्हती. त्यालाही कधी विचारायला सुचलं नव्हतं.

थरथर थांबली. दोर जागेवरच होता, ताण तोच होता, पण हातात धरलेला दोर श्वास घेतो. हा घेत नव्हता. तिने तो मनगटावरून सोडून पाटीच्या खांबाला बांधला होता. गाठ पक्की होती, त्यानेच शिकवलेली.

घंटा झाली. सहा खुर्च्या परत आल्या. बेट हळूहळू मागे सरकायला लागलं.

"आजोबा, हाक मारा त्यांना!" मिनेझिसबाई वही घेऊन धावत आली.

धाकू उठून उभा राहिला. उंबऱ्यापलीकडे वाळू होती, एक पाऊल. बोटीवर दोन हजार माणसं होती, तळमजल्यावर कपडे धुणारी पोरं होती, हरेशच्या वयाची. त्याने पाय मागे घेतला.

"निघालेल्या मानसाला मागून हाक मारत नाहीत," तो म्हणाला. "मी होडी लोटायचो तेव्हा तिने कधी मारली नाही."

तो दोर सोडत गेला, हात सोलवटेपर्यंत. शेवटचं टोक गेलं. बेट पाण्यावर उतरलं, माड सरळ झाले, होड्या काठाला लागल्या, बाजारात दुकानं उघडली.

मिनेझिसबाईने डोळे पुसले आणि वही उघडली. सातजणांपुढे खूण करायची होती.

"परत आल्या असं लिहिता येत नाही," ती म्हणाली. "उतरल्या असंही नाही. खुर्चीवाल्यांना उतरायचा रकानाच नाही आजोबा."

"मग पाड की रकाना. पट्टी नाही तुझ्याकडे?"

तिने पट्टी आणली. दारातच खाली बसून वहीच्या कडेला एक उभी रेघ मारली, वरपासून खालपर्यंत, सरळ.

"वर काय लिहू?"

 धाकूने सोललेले तळवे मांडीवर उलटे ठेवले.

"पोराकडं, असं लिही."

तिने लिहिलं. "आणि किती जण?"

"सध्या एक."